यंत्रनौकेवरचे तीन दिवस आणि मी न दिलेला दुजोरा

“चाचणीच्या तिसऱ्या दिवशी स्थानिक मच्छीमारांनी केळीच्या सोपटात ओवलेले मासे तसेच पट्ट्यावर टाकल्यामुळे रूळ अडकले व नौका थांबवावी लागली. यंत्रात कोणताही दोष नव्हता. प्रसंगी उपस्थित असलेल्या धरणगावच्या एका ज्येष्ठ व अनुभवी यंत्रज्ञांनीही यास दुजोरा दिला.”

हा मजकूर कंपनीने छापलेल्या एका गुळगुळीत पुस्तिकेत आहे. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर नौकेचे छायाचित्र असून त्यात पाणी तापीला कधीही नसते इतके निळे आहे. धरणगावचा तो ज्येष्ठ यंत्रज्ञ म्हणजे मी. ‘ज्येष्ठ’ हे मला मान्य आहे. ‘अनुभवी’ हेही मान्य आहे. चाळीस वर्षे मी जिनिंगमध्ये फिटर होतो आणि कापसाची रुई रुळावर कशी चढते हे मला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु दुजोरा मी दिलेला नाही. तिन्ही वाक्यांपैकी एकही वाक्य खरे नाही, हे ज्यांनी ती नौका पाहिली नाही त्यांना समजावे म्हणून त्या प्रवासाची हकीकत जशी घडली तशी लिहीत आहे.

धुळे

निघण्याचे कारण सुपडूभाऊ. हा गृहस्थ तापीकाठच्या मांडवखेड्याचा. तरुणपणी तीन हंगाम आमच्या जिनिंगमध्ये रेच्यांना, म्हणजे रुईतून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांना, तेल घालायला होता. नंतर गावी परतून वडिलांची होडी सांभाळू लागला. हिवाळा सरता सरता त्याचा फोन आला. बंधाऱ्याच्या फुगवट्यात एका कंपनीने मोठी नौका आणून सोडली आहे, ती मासे पकडत नाही, पण पकडलेले मासे पाण्यावरच खवलून, चिरून, धुऊन, निवडून बर्फात भरते, असे त्याने सांगितले. पुढे म्हणाला, “आबा, बठ्ठा गाव देखाले जास. तुम्हीन एकदाव देखी ल्या. माले त्या साहेबवर भरोसा नही.”

मलाही नव्हता, आणि मी तर त्या साहेबाला पाहिलेही नव्हते.

धुळ्याला एसटीने उतरलो तेव्हा दुपार झाली होती. महामार्गाकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर डिझेलचा आणि तळलेल्या मिरचीचा वास येत होता. स्थानकाबाहेरच्या खानावळीत शेवभाजी मागवली. धुळ्याचे लोक शेवभाजी आपलीच म्हणतात. जळगावचे लोक आपली म्हणतात. मी दोन्हीकडची खाल्ली आहे. धुळ्याच्या रश्श्यात तेलाचा तवंग जास्त असतो आणि चवीतली उणीव तो झाकतो, हे माझे मत मी तेथेच मालकाला सांगितले. तो म्हणाला, “आबा, दोन वाट्या संपवून मग सांगताय.” या प्रश्नावर अधिक लिहिण्याची ही जागा नव्हे.

त्याच खानावळीत कंपनीचे अभियंते सरनाईक मला भेटले. चाळिशीतले, गोरे, बोलण्यात अत्यंत मृदू. मी येणार हे सुपडूभाऊकडून कळल्यावर मला नेण्यासाठी त्यांनी आपणहून गाडी आणली होती. आता विचार करा: एका निवृत्त फिटरला नेण्यासाठी कंपनीचा अभियंता स्वतः चाळीस-पन्नास किलोमीटर का येतो? मी तेव्हाच मनाशी म्हटले की, या माणसाला माझ्या पाहण्यापेक्षा माझ्या होकाराची गरज आहे.

वाटेत त्यांनी मला नौकेची माहिती दिली. थंड देशांत मोठी जहाजे समुद्रावरच मासा साफ करून गोठवतात, किनाऱ्यावर येईपर्यंत त्याला माणसाचा हात लागत नाही, ते तंत्र आम्ही खास गोड्या पाण्यासाठी नव्याने घडवले आहे, असे ते म्हणाले. मी विचारले, “रूळ कुठे घडवले?” ते म्हणाले, “सगळे नवे आहे, आबा.” मी ‘कुठे’ विचारले होते, त्यांनी ‘कसे’ सांगितले. चाळीस वर्षे सुटे भाग विकणाऱ्यांशी बोललेल्या माणसाला एवढा फरक पुरतो.

मांडवखेडे: पहिला दिवस

रात्री गावात मुक्काम करून सकाळी काठावर गेलो. गाव उंचावर आणि पाणी खाली. पलीकडच्या काठाला सातपुड्याच्या बाजूने पळसाची रांग, अलीकडे हरभरा नुकताच उपटलेली काळी रानं. बंधारा होण्यापूर्वी उन्हाळ्यात इथे नदीच्या वाळूत कलिंगडाच्या वाड्या लागत, असे सुपडूभाऊ सांगत होता. आता बाराही महिने पाणी तुंबलेले. त्या पाण्यावर भोई समाजाची आठ घरे जगतात. पुरुष जाळी टाकतात. बायका काठावर मासे खवलून, चिरून, टोपल्यांत भरून बाजारांना नेतात. यंत्राचा प्रश्न म्हणजे मुख्यतः या बायकांच्या हातांचा प्रश्न होता.

कंपनीने त्यांच्या मत्स्य सोसायटीला शब्द दिला होता: चाचणी नीट पार पडली तर नौका इथेच राहील आणि तिच्यावर याच आठ घरांची माणसे काम करतील, बायकांसह. पार पडली नाही, अथवा इथल्या माणसांना यंत्र सांभाळता येत नाही असे दिसले, तर कंपनी बाहेरून शिकलेली माणसे आणील. मग काठावर बसून खवलायलाही काही उरणार नव्हते, कारण सगळी मासळी नौकेवर जाणार होती.

बायकांची म्होरकी हिराअक्का. वय पन्नाशीच्या पुढे, मनगटे जाड, हातावर जुन्या व्रणांच्या पांढऱ्या रेषा. माहेर सावद्याकडचे. नवरा नाही, दीर सुपडूभाऊ. तिने मला पाहून पहिला प्रश्न विचारला की आबा मासा खातात काय. मी खात नाही. आमच्या घरात कोणीच खात नाही. “मंग देखाले कसाले उनात?” असे म्हणून ती इतकी हसली की बरोबरच्या बायकाही हसल्या. मी उत्तर दिले की, मी कापूसही खात नव्हतो, तरी चाळीस वर्षे रेचे चालवले. या उत्तराने तिचे समाधान झाले असे माझे निरीक्षण आहे. सुपडूभाऊ मात्र ती मला नंतरही हसत होती असे सांगतो. ते खोटे आहे.

नौकेवर चढताना माझी उजवी चप्पल चिखलात राहिली. मी घसरलो, असे गावात पसरले. घसरलो नाही; फळी उलटी टाकली होती, गुळगुळीत बाजू वर. ज्याने टाकली त्याचे नाव मला माहीत आहे.

नौका म्हणजे लोखंडी पिंपांवर बसवलेला रुंद, सपाट तराफा. मागे इंजिन, मध्ये जनरेटर, वर पत्र्याचे छप्पर. एका टोकाला मासे ओतायचे तोंड. तेथून पट्टा त्यांना दोन रुळांच्या मध्ये नेतो. रुळांवर रबराचे खुंट, ते उलट्या दिशांनी फिरतात आणि पाण्याच्या फवाऱ्याखाली खवले उडवतात. पुढे एक गोल पाते पोट चिरते, एक नळी आतले शोषून घेते. मग मासे रुंदावत जाणाऱ्या फटीवरून सरकतात. बारीक मासे आधी खाली पडतात, मोठे शेवटी. खाली बर्फाचे चार डबे.

मी यंत्राचा वैरी नाही. मी यंत्रावर पोट भरले आहे. त्यामुळे पहिली टोपली ओतली आणि चिलापीचे मासे एका बाजूने चांदीसारखे जाऊन दुसऱ्या बाजूने गुलाबी होऊन बाहेर आले, तेव्हा मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. पण आनंद झाला म्हणून डोळे मिटावेत असे नाही. शिंगट आला की पाते थांबे, कारण त्याच्या काट्याला ते घाबरल्यासारखे करी. सापासारखी लांब वाम तर रुळांतून दोनदा परत आली. आणि नौका पाहायला आलेले सगळे लोक उजव्या कठड्याकडे जमले, तेव्हा तराफा कलला आणि सगळ्या चिलापी सरकत जाऊन मोठ्या माशांच्या डब्यात पडल्या. सुपडूभाऊ म्हणाला, “आबा, मशीननी आमना मासा एक दिनमा मोठा करी टाका.” सरनाईकही हसले. मी लोकांना दोन्ही बाजूंना वाटून उभे केले. त्यानंतर निवड बरोबर झाली. पुस्तिकेत याचा उल्लेख नाही.

दुपारी हिराअक्काने नौकेची पांढरी चौकट पदराने पुसली आणि मला बोलावले. रंगाखाली काळपट तपकिरी डाग होते. ती म्हणाली, “आबा, हाऊ केळीना चीकना डाग शे. मना माहेरमा बठ्ठासना कपडासवर ऱ्हास.” मी तिला सांगितले की, गंज आहे. लोखंडावरचा डाग मी ओळखणार की मासे चिरणारी बाई? माझे हे म्हणणे चुकीचे ठरले. ते येथे नोंदवतो, कारण दुसऱ्यांच्या चुका नोंदवणाऱ्याने आपली एक तरी नोंदवावी; दुसरी पुढे येईल.

संध्याकाळ होण्याआधी मी सरनाईकांना म्हटले की रुळांची टोके पाहू द्या. रूळ दोन, टोके चार. प्रत्येक टोकाला रूळ संपतो आणि बेअरिंग सुरू होते त्यांच्यामध्ये आसाचा वीतभर भाग उघडा असतो. त्यावर पत्र्याचे झाकण. रेच्यात रुई नेमकी इथेच चढते. तीन झाकणे मी स्वतः उघडली. एका दिवसाच्या कामाने आत खवल्यांचा थर बसला होता, थेट लोखंडाला चिकटून, धोतराच्या टोकाने घासले तरी निघेना. मासा ज्यात जातो त्याच्यात खवला जातो, आणि जेथे जातो तेथे गोंदासारखा बसतो. हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

चौथ्या झाकणाचा स्क्रू फिरेना. सरनाईक म्हणाले, “आबा, त्याची खाच झिजली आहे, राहू द्या. तिन्ही ठीक आहेत म्हणजे तेही ठीक.” नव्या यंत्राच्या स्क्रूची खाच झिजलेली? सुपडूभाऊच्या ओसरीवर जेवायला बसलो तेव्हाही माझ्या डोक्यात तेच झाकण होते. हिराअक्काने माझ्यासाठी तुरीच्या डाळीचे फुणके आणि कढी वेगळी केली होती, वेगळ्या भांड्यांत, आणि मला न सांगता आधी भांडी चुलीतल्या राखेने घासून घेतली होती. आमच्या धरणगावात पाहुण्याच्या मागे लागून वाढतात. इथे एकदा वाढून बाजूला बसतात आणि ताटाकडे पाहतातही नाहीत. मला ही रीत अधिक सभ्य वाटली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी मी तीन खाल्ल्या. सुपडूभाऊ चार म्हणतो.

दुसरा आणि तिसरा दिवस

दुसऱ्या दिवशी विशेष काही घडले नाही. रूळ फिरत राहिले, मासे येत राहिले. मी इतकेच नोंदवले की, डाव्या टोकाकडून, म्हणजे त्या चौथ्या झाकणाच्या बाजूने, आवाज जड होत चालला होता. रेच्याचा आवाज बदलला की फिटर जेवणावरून उठतो. मी सरनाईकांना तीनदा सांगितले. तिन्ही वेळा ते म्हणाले की, पाण्यावर आवाज असाच येतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाळ्यांत रोहू भरपूर आला. टोपल्या कमी पडल्या. इथल्या बायका अशा वेळी मासे कल्ल्यांतून ओवून माळ करतात. कोणी पळसाच्या मुळीचा वाख वापरते, कोणी सुतळी. हिराअक्काला माहेरून केळीच्या खांबाची वाळलेली साल येते. ती चिरून, भिजवून तिची चिवट दोरी होते, तिलाच सोपट म्हणतात. त्या दिवशी तिने दोन माळा सोपटात ओवल्या होत्या. नौकेवर त्या सोडवून मासे सुटे करून टाकायचे, हा नियम तिनेच बायकांना घालून दिला होता, आणि माझ्यासमोर तिने पहिली माळ सोडवली. दुसरी सोडवताना मी पाहिले नाही, कारण मी आवाज ऐकत होतो.

थोड्या वेळाने डावे टोक किंचाळले, धूर आला आणि रूळ थांबले.

सरनाईकांनी मग तेच झाकण उघडले. त्यासाठी लागणारा पेचकस त्यांच्याकडे होता; पहिल्या दिवशी तो कुठे होता, हे मी विचारले, त्याचे उत्तर मला आजही मिळालेले नाही. आत आसाभोवती फुगलेले, ओले, तपकिरी कडे बसले होते. त्यांनी चाकूने ते उभे चिरले आणि कडे अखंड निघाले, एखाद्या जाड बांगडीसारखे एका जागी तुटलेले. ते माझ्यासमोर धरून सरनाईकांनी अतिशय आदराने विचारले, “आबा, तुम्ही जाणकार. हे काय आहे?”

मी पाहिले. म्हणालो, “सोपट आहे.” आणि मान हलवली.

हा माझा ‘दुजोरा’. मला विचारले काय आहे. मी सांगितले काय आहे. कोणी घातले, केव्हा घातले, हे मला विचारलेच नव्हते. पण भोवती उभ्या असलेल्या तीसएक माणसांनी माझी मान हललेली पाहिली, आणि सगळ्यांनी एकदम हिराअक्काकडे पाहिले. ही माझी दुसरी चूक: माणसे कोणाकडे पाहतील याचा विचार न करता मी खरे बोललो.

अक्का म्हणाली, “चूक मनीच व्हई. सकायले मासा मीच सोपटमा ओवेल व्हतात.” तिने हात धुतले, कोयता उचलला आणि होडीत उतरून काठावर गेली. एकाही बाईने तिला थांबवले नाही. सरनाईकांनी ते कडे पाण्यात फेकण्यासाठी हात उगारला. मी म्हटले की मला द्या, जिनिंगच्या आठवणीसाठी ठेवतो. रुळावरून निघालेली गुंडाळी मी कधी फेकलेली नाही. रेच्याला काय झाले हे तीच सांगते. त्यांनी हसून दिले. मी ते रुमालात बांधून पिशवीत ठेवले.

पंधरवड्याने पुस्तिका आली. तिच्यासोबत सोसायटीला पत्र: पुढील हंगामापासून नौका बाहेरचे प्रशिक्षित कर्मचारी चालवतील. सुपडूभाऊने मला फोन केला आणि फोन अक्काच्या हाती दिला. ती रडली नाही. तिने एवढेच सांगितले, “आबा, तुम्हीन मुंडी हालाई, म्हणीसन त्यासनी लिखं.”

असे वाक्य ऐकून जो माणूस घरी बसून राहील त्याला मी माणूस म्हणत नाही.

सावदा

सावद्याला मी तिच्या त्या डागासाठी गेलो. धरणगावपासून पूर्वेकडे जाताना कापसाची पऱ्हाटी मागे पडते आणि केळीची हिरवी भिंत सुरू होते. हवेतला कोरडेपणा मोडतो. मला ते रान कधी आवडले नाही. कापसाच्या शेतात माणूस दूरवर दिसतो. केळीच्या बागेत चार पावलांवर कोण उभे आहे ते कळत नाही.

तेथे हबीबभाई आहेत, केळी भरणारे जुने व्यापारी. त्यांच्या वडिलांच्या बैलगाड्या आमच्या जिनिंगला सरकी न्यायला येत, तेव्हापासूनची ओळख. त्यांच्या शेडमध्ये घड उतरत होते. बायका फण्या कापून तुरटीच्या हौदात सोडत होत्या, तेथून त्या पट्ट्यावर, दोन रुळांच्या मधून, फवाऱ्याखालून, निवडीच्या फटीकडे जात होत्या. मी पट्ट्यासमोर उभा राहिलो आणि एकेक भाग नौकेशी ताडून पाहिला. रबराचे खुंट तेवढे नव्हते. बाकी नौका माझ्यासमोर होती, फक्त तिच्याखाली पाणी नव्हते.

हबीबभाईंनी चहा मागवला. मी विचारले, याच्या जोडीची दुसरी लाइन होती का. ते म्हणाले, “होती ना, आबासाहेब. डावा रूळ नेहमी धरायचा. गेल्या वर्षी एका कंपनीवाल्यांनी उचलून नेली, साहब बडा मीठा बोलता था.” का धरायचा, असे विचारल्यावर ते हसले. म्हणाले, फण्यांबरोबर सोपटाचे तुकडे येतात, टोकाला गुंडाळतात. वाळले की चिमटून बसतात, कोणाला दिसत नाहीत, आणि धुण्याचे पाणी लागले की फुगतात. “हम तो हर हफ्ते काटते थे. त्यांना सांगितलं होतं.”

मी त्यांना ही गोष्ट लिहून देण्याची विनंती केली. त्यांनी दिली. पण लिहून दिलेल्या कागदाला सरनाईक काय उत्तर देतील हे मला तिथे खुर्चीवर बसल्या बसल्या ऐकू येत होते: रूळ जुने असतील, पण आम्ही साफ करून बसवले, सोपट या बाईचेच. कागदाने माणूस अडचणीत येतो, गप्प होत नाही. चहा संपवून मी उठलो. हबीबभाईंनी एक घड बांधून दिला. तो मी सोपटाने बांधू दिला नाही, सुतळी मागितली. ते का, हे त्यांना कळले नाही.

पुन्हा मांडवखेडे

सोसायटीची बैठक शाळेच्या ओट्यावर होती. चेअरमन, आठ घरांतली माणसे, पाठीमागे बायका, आणि त्यांच्यातही मागे हिराअक्का, जणू ती पाहुणी. सरनाईक वेळेवर आले. मला पाहून उठून उभे राहिले. मी हबीबभाईंचा कागद वाचला. सरनाईकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मी सावद्याला मनातल्या मनात जे ऐकले होते तेच, जवळजवळ त्याच शब्दांत, बोलून दाखवले. “रूळ वापरलेले आहेत, हे मी नाकारत नाही, आबा. पण ते धुऊन, घासून बसवले. आणि सोपटात मासे ओवल्याचे ताईंनी स्वतः कबूल केले आहे. तुम्हीही होता.”

चेअरमनने अक्काकडे पाहिले. ती म्हणाली, “एक माळ मी सोडी. दुसरी सोडी का नही, माले याद नही.” तिला खोटे बोलता आले असते. सगळे तिच्या बाजूने ऐकायला तयार होते. पण तिला आठवत नव्हते म्हणून ती आठवत नाही म्हणाली, आणि सुपडूभाऊने कपाळावर हात मारून घेतला.

मी पिशवीतून रुमाल काढला. कडे वाळून घट्ट झाले होते, चिरलेल्या जागी थोडे उघडलेले. मी बैठकीला सांगितले की, रुळावर काही गुंडाळले जाते तेव्हा जे आधी येते ते आत बसते आणि जे नंतर येते ते बाहेर. रेच्यावरची रुईची गुंडाळी आम्ही अशीच वाचत असू, वरचा थर आजचा, तळचा थर पहिल्या दिवसाचा. हे समजायला शिक्षण लागत नाही. ज्याने कधी सूत गुंडाळले आहे त्याला कळते. बायकांच्या माना हलल्या. या वेळी माझी हलली नाही.

मग मी ते कडे उलगडले नाही. सरनाईकांच्या हाती दिले आणि म्हटले, “तुम्हीच उलगडा. माझा हात लागला तर पुन्हा दुजोरा म्हणाल.”

त्यांनी ते मांडीवर घेतले. सर्वांत वर नायलॉनच्या जाळ्याचे धागे निघाले आणि खवले, दाट, चांदीचा पत्रा लावल्यासारखे. त्यांच्याखाली पुन्हा खवले. त्यानंतर सोपट लागले, एकावर एक, कांद्याच्या पाकळ्यांसारखे घट्ट. सरनाईकांचे बोट हळू झाले. मुले मागून वाकून पाहू लागली तेव्हा चेअरमनने त्यांना बाजूला केले. हिराअक्का पुढे आली नव्हती; तिने फक्त मान वर केली होती.

त्या बैठकीत ठरले की, हा हंगाम नौका आठ घरेच चालवतील आणि चारही झाकणे दर आठवड्याला अक्काच्या समोर उघडली जातील. कंपनीने पुस्तिका मात्र दुरुस्त केलेली नाही. विचारले तर म्हणतात, संपल्या. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात तिच्या प्रती अजून आहेत, आणि त्या वाचणारे मला रस्त्यात थांबवून दुजोऱ्याबद्दल विचारतात. म्हणून हे लिहिले. मी घसरलो की नाही, भाकरी तीन की चार, यावर कोणाला वाद घालायचा असल्यास मी धरणगावात आहे. पण अक्काच्या माळेबद्दल वाद संपलेला आहे, आणि तो माझ्या शब्दाने संपलेला नाही.

उरलेल्या तिन्ही टोकांना पहिल्याच संध्याकाळी खवले थेट लोखंडाला चिकटले होते, हे मी माझ्या धोतराने घासून पाहिले होते. अक्काची माळ आली तिसऱ्या दिवशी. आणि सरनाईकांनी शेवटची पाकळी सोडवून आतली बाजू सर्वांसमोर उन्हात धरली, तेव्हा तिच्यावर आसाच्या गंजाचा लाल ठसा होता, पण सोपटाखाली एकही खवला नव्हता.